आरक्षण, हरकत आणि नियोजन समितीपुढची सुनावणी

आमच्या भूखंडधारकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची साडेतीन एकर जमीन नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. बिगरशेती आदेश, मंजूर रेखांकन आणि भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी ही तिची सर्व कागदपत्रे संस्थेच्या दप्तरी पहिल्यापासून होती. सभासद बहुतेक शिक्षक, एस.टी.चे कर्मचारी आणि लहान दुकानदार असल्यामुळे भूखंडाचे हप्ते फेडल्यानंतर घरासाठी पैसे जमवण्यात वर्षे गेली आणि जमिनीवर गवताखेरीज काही उभे राहिले नाही. अखेर काही सभासदांनी बांधकाम परवानगीसाठी अर्ज केले, तेव्हा नगरपरिषदेचे उत्तर आले की शहराची सुधारित प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झालेली असून तीत आपल्या जमिनीचा बराच भाग खेळाच्या मैदानाच्या आरक्षणाखाली आणि 18 मीटर रुंदीच्या प्रस्तावित रस्त्याखाली दर्शविलेला आहे, सबब परवानगी देता येत नाही. मी त्या वेळी संस्थेचा सचिव होतो आणि पुढचा सारा पत्रव्यवहार माझ्याकडे आला.

योजना अजून प्रारूपच आहे, शासनाने ती मंजूर केलेली नाही, मग तिच्या आधारे परवानगी कशी नाकारता, हा सर्वांचा पहिला प्रश्न होता. त्याचे उत्तर 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 46 मध्ये आहे: परवानगीचा अर्ज विचारात घेताना नियोजन प्राधिकरणाने, म्हणजे आमच्या बाबतीत नगरपरिषदेने, मंजूर योजनेबरोबरच प्रारूप योजनेतील तरतुदींचाही योग्य तो विचार करायचा असतो. त्यामुळे प्रारूप प्रसिद्ध झाले की नव्या प्रस्तावांच्या विरोधात जाणारी परवानगी सहसा मिळत नाही. ही तरतूद समजल्यावर परवानगीसाठी भांडत बसण्यात अर्थ उरला नाही. लढायचे तर योजनेच्या टप्प्यावर, हरकत नोंदवूनच लढायला हवे होते.

हरकत साध्या कागदावर लिहिता येते आणि त्याच कारणाने बहुतेक हरकती वाया जातात. कलम 26 अन्वये योजना राजपत्रात व स्थानिक वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाली की ठरावीक मुदतीत कोणीही हरकत किंवा सूचना दाखल करू शकतो. त्या मुदतीत नगरपरिषदेच्या सभागृहात नकाशे भिंतीवर लावलेले होते आणि त्यांच्यापुढे गर्दी असे. लोक आपला गट नंबर शोधत, सापडला की त्यावर बोट ठेवून मोबाइलवर फोटो काढत आणि तिथेच टेबलावर बसून 'आमच्यावर अन्याय झाला आहे, आरक्षण रद्द करावे' असे दोन ओळींचे अर्ज खरडत. स्थानिक पुढाऱ्यांनी छापील नमुने वाटले होते आणि त्यांत फक्त नाव व गट नंबर भरायचा होता. त्या अर्जांच्या गठ्ठ्यांकडे पाहताना मनात आले की हे वाचणाऱ्याला यातून काय कळणार? जमीन गेल्याचे दुःख प्रत्येकाचे खरे असते, पण समितीपुढे ते सगळ्यांचे सारखेच दिसते.

आम्ही भाग नकाशाची, म्हणजे योजनेच्या नकाशातील आमच्या भागाच्या उताऱ्याची, प्रमाणित प्रत आणि योजनेचा अहवाल मागवला. अहवाल सहसा कोणी वाचत नाही, कारण लोकांना नकाशा पुरेसा वाटतो. परंतु लोकसंख्येचा अंदाज काय धरला, कोणत्या सुविधेसाठी किती क्षेत्र लागेल आणि ते कुठे कुठे ठेवले, हे सारे अहवालातच असते. आमच्या भागात, म्हणजे नाल्यापलीकडच्या वस्तीत, मुलांना खेळायला एकही मैदान नाही, हे अहवालात स्पष्ट लिहिले होते आणि ते खरेच होते. मैदान एकूण 60 गुंठ्यांचे दाखवले होते. त्यातले 45 गुंठे आमच्या संस्थेचे आणि उरलेले 15 शेजारच्या गटातले होते. त्या गटाचे मालक वयोवृद्ध शेतकरी असून त्यांना परिसरात सारे आप्पा म्हणतात. 18 मीटरचा रस्ता आमच्या उत्तर हद्दीवरून येऊन आप्पांच्या विहिरीवरून जात होता.

मंजूर रेखांकन असलेल्या जमिनीवर आरक्षण पडलेच कसे, याचा उलगडा विद्यमान भूवापर नकाशा पाहिल्यावर झाला. प्रारूप तयार करण्यापूर्वी कलम 25 अन्वये शहरातील जमिनींचा प्रत्यक्ष वापर काय आहे याचे सर्वेक्षण होते आणि त्याचा नकाशा तयार होतो. सर्वेक्षणाला आलेल्या माणसांना आमच्या जागेवर गवत दिसले, खुणेचे दगड गवतात बुडालेले होते आणि रेखांकनातले रस्ते प्रत्यक्षात आखलेले नव्हते, म्हणून नकाशात ती मोकळी जमीन ठरली. योजना आखणाऱ्या अधिकाऱ्याने नंतर मैदानासाठी सलग, मोकळी आणि वस्तीलगतची जमीन शोधली, तेव्हा त्याला आमची जमीन सापडणे अगदी स्वाभाविक होते. यात कोणाचा डाव होता असे काही सभासद अजूनही मानतात, मला मात्र तसे वाटत नाही. ज्यांनी विनापरवाना का होईना पण चार भिंती उभ्या केल्या त्यांची घरे नकाशावर उमटली आणि ज्यांनी सारे कागद नियमाने करून परवानगीची वाट पाहिली त्यांची जमीन कोरी राहिली, हे चित्र उद्वेगजनक होते. परंतु त्याला कारण सर्वेक्षणाची पद्धत होती.

हरकतीत काय मागायचे यावरून संस्थेची विशेष सर्वसाधारण सभा बोलावली आणि खरी वादावादी तिथे झाली. आरक्षण पूर्ण रद्द करा एवढीच मागणी करावी, असे बहुतेकांचे म्हणणे होते. एका सभासदाने सुचवले की पूर्वेला आप्पांची जमीन सलग आहे, मैदान सगळेच तिकडे सरकवा म्हणून मागणी करू. माणूस हे सहज बोलून गेला आणि कित्येकांनी मानाही डोलावल्या. आमच्या ओळखीच्या एका वास्तुविशारद बाई सभेला मार्गदर्शनासाठी आल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारले, "वस्तीला मैदान हवे हे तुम्हाला मान्य आहे ना? मग ते कुठे हवे ते सांगा. नको म्हणणाऱ्यांची रांग फार मोठी असते." आरक्षण रद्द झाले तरी मैदानाची गरज तशीच राहते आणि नकाशावर ती दुसऱ्या कोणाच्या तरी गटात जाऊन बसते, ही गोष्ट त्या सभेत अनेकांच्या प्रथमच लक्षात आली. आमच्या दक्षिण हद्दीला नाला आहे आणि त्याकाठची सखल पट्टी 24 गुंठ्यांची आहे. मैदान लहान करून तिथे घेतले तर रेखांकनातले बाकीचे भूखंड वाचत होते. पण त्या पट्टीत नऊ सभासदांचे भूखंड होते. ते सभागृहातून उठूनच गेले. उरलेल्या सर्वांनी आपापले भूखंड थोडे लहान करून घ्यावेत आणि रेखांकन नव्याने आखून त्या नऊ जणांना त्यात सामावून घ्यावे, असा ठराव नंतरच्या सभेत झाला. तोही एकमताने झाला नाही. रस्त्यालगतचा कोपऱ्याचा भूखंड असलेल्या सभासदाने आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घेतला.

आमच्या हरकतीत म्हणून दोन मागण्या होत्या: मैदान नाल्याकाठच्या पट्टीत घ्यावे आणि रस्ता 12 मीटरचा करून थोडा उत्तरेला सरकवावा, म्हणजे विहीर वाचेल. विहीर आमची नव्हती, तरी ती मागणी आम्ही घातली. त्यामागे केवळ शेजारधर्म नव्हता, हेही सांगायला हवे. रस्ता सरकला की आमच्या उत्तरेकडच्या भूखंडांची खोली वाढत होती. सोबत बिगरशेती आदेश, मंजूर रेखांकनाची प्रत, मोजणीची 'क' प्रत, सातबारा उतारे आणि भाग नकाशावर लाल रेषेने दाखवलेला पर्याय जोडला. सुनावणी हवी आहे असे अर्जात स्पष्ट लिहिले आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेतली. ज्यांनी पोच घेतली नव्हती अशा काहींचे अर्ज पुढे यादीत सापडले नाहीत, म्हणून हा तपशील मुद्दाम लिहितो.

या हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीची रचना कलम 28 मध्ये दिली आहे. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य, म्हणजे निवडून आलेले नगरसेवक असतात आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. संचालकांचे कार्यालय पुण्याला आहे. तज्ज्ञांमध्ये निवृत्त नगररचनाकार, वास्तुविशारद, पर्यावरणाची जाण असलेली मंडळी येतात. ही समिती निर्णय देत नाही, ती फक्त शिफारस करते, हे जाणून घेणे फार आवश्यक आहे. समितीचा अहवाल नगरपरिषदेकडे जातो, नगरपरिषद त्यावर विचार करून बदल करते, मग कलम 30 अन्वये योजना शासनाकडे जाते आणि कलम 31 अन्वये शासन ती मंजूर करते. आमच्याकडे सुनावणीच्या दिवशी पेढे घेऊन आलेले लोक मी पाहिले आहेत. निकाल त्याच दिवशी लागणार, अशी त्यांची समजूत होती.

सुनावणीची नोटीस आली तीत तारीख आणि वेळ होती, पण प्रत्यक्षात आरक्षणाच्या क्रमांकाप्रमाणे गटागटाने आत बोलावत होते. त्यामुळे एकाच आरक्षणाने बाधित झालेले सर्व एकदम आत जात. आम्ही आणि आप्पा एकाच बाकावर बसलो. आप्पांबरोबर त्यांचा मुलगा होता, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा आणि विहिरीचा विजेच्या मोटारीचा जुना देयकाचा कागद. आमच्या हरकतीची प्रत आम्ही त्यांना आधीच दिली होती. तरीही सोसायटीवाले आपली जमीन पुढे करून मोकळे होणार, ही शंका त्यांच्या चेहऱ्यावरून गेलेली नव्हती.

आत लांब टेबलामागे समिती बसली होती, बाजूला नगररचना विभागाचे कर्मचारी नकाशाच्या गुंडाळ्या उलगडत होते. प्रत्येकाला काही मिनिटेच मिळत होती. आमचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि ठरवलेले मुद्दे सोडून त्यांनी सुरुवातीलाच सांगितले की रेखांकनात आम्ही दहा टक्के खुली जागा सोडलीच आहे, तेव्हा वेगळ्या मैदानाची गरज नाही. टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका ज्येष्ठ तज्ज्ञ सदस्यांनी त्यांना तिथेच थांबवले. "ती खुली जागा तुमच्या भूखंडधारकांची आहे, अध्यक्षसाहेब. सार्वजनिक मैदान सगळ्या वस्तीचे असते. ती यात धरता येत नाही. पुढचा मुद्दा सांगा." मग त्यांनी स्वतःच आमचा नकाशा पुढे ओढला, पट्टी लावून नाल्याकाठची लांबी-रुंदी मोजली आणि पूर्ण सुनावणीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारला: रेखांकन मंजूर झाल्याची तारीख कोणती आणि भूवापर सर्वेक्षण कोणत्या काळातले? मी आदेशाची प्रत दाखवली. मंजुरी सर्वेक्षणाच्या आधीची होती. त्यांनी नगररचना विभागाच्या कर्मचाऱ्याकडे पाहिले. कर्मचाऱ्याने मंजूर रेखांकनांची नोंदवही चाळून होकार दिला आणि सदस्यांनी समोरच्या कागदावर पेन्सिलीने काहीतरी लिहिले. आमच्या बाजूने जे काही झाले ते बहुधा त्या क्षणी झाले, आमच्या बोलण्याने फारसे झाले नसावे.

नगरसेवक सदस्यांपैकी एकांनी विचारले की नाल्याला पूर येतो तिथे मुले खेळणार का. वास्तुविशारद बाईंनी उत्तर दिले की पावसाळ्यातले काही दिवस मैदान ओले राहिले तर चालते, पण त्याच सखल जागेत घरे बांधू दिली तर घरात पाणी शिरेल. हा युक्तिवाद आम्हाला आधी सुचला नव्हता आणि तो सर्वांत वजनदार होता.

आप्पांची पाळी आली तेव्हा मुलाने अर्ज वाचायला घेतला, पण आप्पांनी त्याचा हात बाजूला केला आणि उभे राहून म्हणाले, "पोरं खेळावीत हे मलाबी वाटतं साहेब. पण विहीर बुजवून रस्ता केला तर राहिलेल्या रानाला पाणी कुठनं देऊ?" नगरसेवक सदस्यांनी विचारले की सोसायटी म्हणते तसा रस्ता सरकला तर तुमची हरकत राहील का. आप्पा आमच्याकडे बघत म्हणाले, "मैदानात माझं रान जात नसंल तर नाही." त्यानंतर आम्हाला बाहेर जायला सांगितले गेले. दारात आप्पांच्या मुलाने मला विचारले की आता आम्ही खरोखर त्याच मागणीवर राहणार का. मी ठरावाची प्रत त्याला दिली.

समितीचा अहवाल म्हणजे एक लांबलचक तक्ता असतो: हरकतीचा क्रमांक, सारांश, समितीचे मत, शिफारस. आमच्या रकान्यात 'हरकत अंशतः मान्य' असे होते. मंजूर रेखांकन सर्वेक्षणापूर्वीचे असल्याने मैदान नाल्यालगत 24 गुंठ्यांत स्थलांतरित करावे, शेजारील गटातील क्षेत्र वगळावे, रस्त्याची रुंदी 12 मीटर करून मार्गरेषा उत्तरेस सरकवावी, अशी ती शिफारस होती. छापील नमुन्याच्या अर्जांपुढे मात्र पानेच्या पाने 'कारणे नमूद नसल्याने अमान्य' असा एकच शेरा होता.

इथून पुढचा प्रवास कोणी सांगत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत मैदानाची शिफारस मान्य झाली, रस्त्याची झाली नाही. 18 मीटरचा रस्ता कायम ठेवण्याची उपसूचना आली आणि मंजूर झाली. त्यामागचे कारण ठरावात लिहिलेले नव्हते. बाजारपेठेत त्याबद्दल जे बोलले जात होते ते इथे लिहिण्याजोगे नाही. शासनाने योजना मंजूर करताना काही भाग वगळले आणि ते सारभूत, म्हणजे मूळ प्रस्तावात मोठा फरक करणाऱ्या, बदलांसह पुन्हा प्रसिद्ध केले. आमचा रस्ता त्या वगळलेल्या भागांपैकी एक होता. त्यावर पुन्हा हरकती मागवल्या गेल्या आणि शासनाने नेमलेल्या नगररचना विभागाच्या अधिकाऱ्यासमोर पुन्हा सुनावणी झाली. तिथे समितीच्या अहवालातला तो रकाना आमच्या कामी आला. निवडून आलेले सदस्य आणि तज्ज्ञ या दोघांनी मिळून केलेली शिफारस सभेने कारण न देता फेटाळली, एवढेच आम्हाला दाखवायचे होते. अखेरच्या अधिसूचनेत रस्ता 15 मीटरचा झाला आणि मार्गरेषा उत्तरेला सरकली. विहिरीचा काठ रस्त्याच्या हद्दीच्या जेमतेम बाहेर राहिला.

या सगळ्याला लागलेला काळ ऐकून पुण्या-मुंबईचे नातेवाईक हसतात, कारण त्यांनी याहून मोठे पाहिलेले आहे. पुण्याच्या जुन्या हद्दीची प्रारूप योजना 2013 मध्ये हरकतींसाठी प्रसिद्ध झाली, 2015 मध्ये शासनाने ती महापालिकेच्या हातून स्वतःकडे घेतली आणि मंजुरी 2017 च्या जानेवारीत मिळाली. मुंबईचे 2034 पर्यंतचे प्रारूप 2015 मध्ये लोकांच्या रोषामुळे मागेच घ्यावे लागले, नवे प्रारूप 2016 मध्ये आले आणि 2018 मध्ये मंजूर झाले. त्या मानाने आमचे लहान गाव लवकर सुटले म्हणायचे. पण तोवर ज्यांनी गृहकर्ज मंजूर करून घेतले होते त्यांची मंजुरी संपली आणि दोघा सभासदांनी भूखंडाचा नाद सोडून दुसरीकडे सदनिका घेतल्या.

काही जण विचारतात की कलम 127 असताना एवढी धावपळ कशाला? अंतिम योजना अमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालकाने खरेदीची नोटीस द्यायची आणि 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते, हे खरे आहे. नगरपरिषदांकडे पैसा नसल्यामुळे अनेक आरक्षणे तशी व्यपगत होतातही. परंतु ज्याला त्या जमिनीवर राहायचे आहे, त्याने 12 वर्षे भाड्याच्या घरात काढून मग कायद्याच्या सवलतीची वाट पाहावी, हा सल्ला गुंतवणूकदाराला ठीक, निवृत्तीला आलेल्या शिक्षकाला नाही. शिवाय तेवढी वर्षे वस्तीतली मुले रस्त्यावरच खेळणार.

सुधारित रेखांकनाचा प्रस्ताव आता नगरपरिषदेकडे दाखल आहे. प्रत्येक भूखंड थोडा लहान झाला असून नाल्याकाठच्या नऊ सभासदांना उत्तर बाजूला जागा मिळाली आहे. विरोध नोंदवलेल्या सभासदाचा कोपरा त्याच्याकडेच राहिला. मैदानाच्या 24 गुंठ्यांचा मोबदला कलम 126 नुसार रोख मागायचा की त्याऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, घ्यायचा, यावर संस्थेत दोन तट पडले आहेत. नगरपरिषदेची तिजोरी पाहता रोख रक्कम कधी हाती येईल याची मला शंका आहे, आणि आमच्या गावात टीडीआर विकत घेणारा बांधकाम व्यावसायिक मिळेल का, ही दुसऱ्या तटाची शंकाही खोटी नाही. पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय ठेवला आहे.